डावीकडचा स्टँड

सेलू, १३ जाने. ७४, रवि.
भावजींनी मुंबईहून आणून दिलेला रेकॉर्ड प्लेअर. दोन स्पीकर, ते दोन ट्रंकांवर. "पत्रा सोबत वाजतो," हे म्हणाले. आता लाकडी स्टँड करायचे. बसल्यावर स्पीकर कानाच्या उंचीला यायला हवा, म्हणून मला खुर्चीत बसवून जमिनीपासून कानापर्यंत टेप लावली. शाळेत विज्ञान शिकवणारा माणूस घरात एवढा लहान होतो. बरं वाटतं.

१९ जाने.
गफूरमिस्त्रींनी आंब्याच्या फळ्यांचे स्टँड दिले. एक खिळा नाही, सगळे सांधे सरसाने. रेकॉर्ड लावून पाहिल्यावर हे म्हणाले, "डावीकडचा दबका. आंबा आवाज पितो." मला दोन्ही सारखेच. पण मला काय कळतं.

२७ जाने., रवि.
डावा बाभळीचा करून घेतला. तरी दबका. मग पाय पोकळ करून वाळू भरायचं ठरलं. सोनपेठच्या पाहुण्यांनी गोदावरीची वाळू डब्यातून एस.टी.ने पाठवली. मिस्त्री म्हणाले, "मास्तर, स्पीकर मांडायलात का रांजण?" हेही हसले. वाळूनंतरही तेच.

२ फेब्रु.
हे शाळेत गेल्यावर डावं सगळं उजवीकडे केलं, उजवं डावीकडे. स्टँड, स्पीकर, तारांसकट. दोन्हींना एकच रंग, ओळखू येत नाहीत. सांगितलं नाही. संध्याकाळी पुन्हा, "डावा दबकाच."
त्यांच्या खुर्चीत बसून पाहिलं. सारखे वाजतात.

४ फेब्रु.
शेजारची सुलभा, यांच्याच वर्गात. "काकू, सरांच्या डाव्या हाताला आमी पोरी. आमचं ऐकतच न्हाईत. पोरांचेच लय लाड करायलेत!"
जेवताना मीही डावीकडेच बसते. गेल्या सहा महिन्यांत उत्तर मिळालं नाही म्हणून किती वेळा रुसले असेन.
मामंजी पन्नाशीत बहिरे झाले. माणसं त्यांच्यासमोर बसून त्यांच्याचबद्दल बोलायची. हे अजून त्या गोष्टीने कासावीस होतात. यांना कसं सांगू.

८ फेब्रु.
हे मिस्त्रींना आता सागवानाचा स्टँड सांगून आले. दुपारी मिस्त्री दारातच उभे. "वहिनी, सागवानाचं करून द्यायला माझं काय जातंय. पण लाकडाचा कसूर न्हाई हो."
म्हणजे त्यांनाही कळलंय.
"तुमीच सांगा. माझ्या तोंडून बरं दिसणार न्हाई."
मंगळवारपर्यंत थांबतो म्हणाले.

१० फेब्रु., रवि.
दुपारी रेकॉर्ड लावली होती. मी शेजारी जाऊन बसले. एक बाजू संपली, तेव्हा म्हटलं, "अहो, लाकूड चांगलंच आहे. परभणीला जाऊन एकदा कान दाखवून येऊ या."
हे समोरच्या स्पीकरकडे बघत राहिले. मग वळून, "काही म्हणालीस?"
"चहा टाकू का, म्हटलं."
"टाक की."
चहा उकळेपर्यंत स्वतःलाच विचारत होते. सांगायचंच होतं, तर मी डावीकडे का बसले? उजवीकडची खुर्ची रिकामी होती.