गलबताजवळचं फाटक

५ जुलै, मंगळवार

बेन्यातच्या गाई मेल्या. चाळीसच्या आसपास. वासरं वेगळी.

सकाळी साप्ताहिकाच्या कचेरीचं कुलूप काढत होते, तेवढ्यात गुरांचा डॉक्टर टोबायस चालत्या गाडीतूनच ओरडला, "मायते, भावाकडे जा. आत्ता!"

मिठाच्या सपाटीवर गेले. तिथे कोरड्यातच उभं असलेलं ते जुनं गलबत, लोक बघायला येतात ते; त्याच्याजवळचं तारेचं फाटक लागलेलं होतं. अलीकडे गाई — एकमेकींना खेटून पडलेल्या, सगळ्यांची तोंडं गलबताकडे. हौद तिथे आहे ना! पाणी दिसत होतं त्यांना. वारा तिकडूनच येतो, म्हणजे वासही येत असणार. दोघी-तिघींनी छाती तारेत घातली होती. काही अजून श्वास घेत होत्या. टोबायसने त्यांना तपासून मान हलवली, आणि बेन्यातने गाडीतून बंदूक आणली.

पलीकडे कुठल्याशा गावाहून आलेलं एक कुटुंब गलबतासमोर उभं राहून फोटो काढून घेत होतं. बंदुकीचा आवाज झाल्यावर गेले.

बेन्यात तारेला हात लावून उभा होता. म्हणाला, "आठवडाभर मी वरच्या कुरणात गवत कापत होतो. फाटक उघडं होतं. उन्हाळाभर उघडंच असतं." मग थुंकला. "क्लेटनने लावलं."

६ जुलै, बुधवार

अंक छपाईला जायचा दिवस, आणि कचेरीत उभं राहायला जागा नाही. बातमी द्यायला कोणी आलं नव्हतं. सगळे कबुली द्यायला आले होते.

आमच्या ड्राय अँकर गावात लोक दारू पिऊन गाडी चालवतात, दुसऱ्याच्या जमिनीत हरणं मारतात. पण एक कायदा कोणी मोडत नाही. फाटक सापडेल तसं ठेवायचं. उघडं तर उघडं, लागलेलं तर लागलेलं. मालकाच्या मनात काय आहे ते मालकाला ठाऊक.

टपालगाडीवाली रोवीना रडवेली झाली होती. "शुक्रवारी गेले मी तिथून. लागलेलं होतं. उतरले, उघडलं, गाडी काढली, लावलं. गाई ओरडत होत्या गं! मला वाटलं, बेन्यात त्यांना हलवणार असेल, म्हणून अडवून ठेवल्यात."

टोबायस शनिवारी गेला होता. त्यानेही लावलं. "कडं नीट बसलंय ना, तेही बघितलं," म्हणाला.

मी रविवारी गेले. या अंकातल्या चार जुलैच्या पानासाठी गलबताचा फोटो हवा होता. गुरं फाटकाशी उभी होती. मी त्यांना हाकलून बाजूला केलं, आत गेले, फोटो काढला, बाहेर आले.

लावलं.

७ जुलै, गुरुवार

अंक वेळेवर निघाला. बातमी आठ ओळींची, नाव कोणाचंच नाही.

बेन्यातचा फोन. "क्लेटनचं नाव का नाही टाकलंस?" समजावून सांगितलं. दुपारी पुन्हा फोन. "क्लेटनचं नाव का नाही टाकलंस?" तोच आवाज, तोच राग, जणू सकाळी बोललोच नव्हतो. दुःखात माणूस असाच घोळत बसतो.

८ जुलै, शुक्रवार

क्लेटन रूड बेन्यातचा शेजारी. दोघांच्या जमिनीत एकच तार. क्लेटनने खोल विहीर खणली आणि बेन्यातचा झरा आटला, तेव्हापासून बोलणं बंद. वाटेत समोरासमोर गाड्या आल्या तर दोघंही काचा वर करतात. या उन्हात!

गाई मेल्या त्या आठवड्यात क्लेटन गावात नव्हताच. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रीनोला गेला होता. मी हे बेन्यातला सांगितलं.

"म्हणजे जाताना लावून गेला! आपण इथे नसताना मराव्यात म्हणून!"

किटली टाकीखालच्या खानावळीत सगळ्यांना हे पटलं. टाकी किटलीसारखी रंगवलेली, तिच्याखाली बसून उकळणारे हे लोक — एरवी मी यावर एक हलकंफुलकं टिपण लिहिलं असतं.

९ जुलै, शनिवार

संध्याकाळी बेन्यातकडे जेवायला. त्याने मटण आणि घेवड्याचा रस्सा केला होता. तोंडात घालवेना इतका खारट. म्हटलं, "मिठाची सपाटी इथवर आणलीस का रे?" हसला. मग रस्सा ढवळला आणि माझ्यादेखत पुन्हा मूठभर मीठ टाकलं.

बंदूक दारामागे नव्हती. गाडीच्या सीटवर होती.

"रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की त्याच्याकडे जाणार आहे," म्हणाला.

"उद्याच्या?"

"पुढच्या. आठवडा देतोय त्याला. शहाणा असेल तर जाईल निघून."

"आणि नाही गेला तर?"

"तर त्याच्या गाई ओरडतील. फाटक उघडायला कोणी नसेल!"

निघताना म्हणाला, "सावकाश जा, आमा." आमा आमची आई. ती जाऊन वीस वर्षं झाली.  थकलाय.

११ जुलै, सोमवार

बुटांच्या कुंपणावर क्लेटनचे बूट टांगलेले सापडले. त्याच्या ओसरीवरचे जुने, टाचेवर त्याच्या गुरांवर असतो तोच डाग असलेले.

वाईट झालं. फार वाईट. त्या कुंपणावर आमच्या वडिलांचे बूट आहेत, टोबायसच्या आजोबांचे आहेत. माणूस मेला की घरचे टांगतात. किंवा तो स्वतःच टांगतो, पुन्हा घोड्यावर बसायचं नाही असं ठरवून. दुसऱ्या कोणी कोणाचे टांगायचे नाहीत. बघायला येणारे हसतात, पोरांना त्याखाली उभं करतात. आम्ही टोपी काढतो.

मी उतरवून आणले. शेरीफ म्हणाला, "तुझ्या भावाला आवर, मायते. मला तुझ्या घरी टोपी काढून यायला लावू नकोस."

१२ जुलै, मंगळवार

बूट परत द्यायला क्लेटनकडे गेले. एका डोळ्यावर पट्टी. ओसरीवर बसला होता. कॉफी दिली, तीही कालची.

"फाटक तू लावलंस का?" सरळ विचारलं. इतकी वर्षं लोकांना प्रश्न विचारतेय, दुसरं काही येत नाही.

त्याने बूट हातात घेऊन धूळ झटकली. "लोक काय म्हणतात?"

"लोक गेले खड्ड्यात. तू सांग."

"मी इथे असतो तर त्या मेल्या नसत्या."

"हे उत्तर नाही, क्लेटन."

"दुसरं नाही माझ्याकडे."

"तो रविवारी येणार आहे. बंदूक घेऊन."

"मला माहीत आहे. येऊन सांगून गेला." बूट खाली ठेवले. "दोनदा."

इतका थंडपणा! चिडून निघाले. या माणसाने लावलं नसेल तर नाही म्हणायला तोंडाला काय झालंय?

१४ जुलै, गुरुवार

अंक निघाला. शेरीफचं शांततेचं आवाहन पहिल्या पानावर. कोणी वाचलं नाही.

१६ जुलै, शनिवार

 क्रमाने लिहिते.

उद्याचा बेत मोडता येतो का बघावं म्हणून सकाळी बेन्यातकडे गेले. उरलेल्या गाई सपाटीवर आहेत, हौदाचा नळ बघायचाय, म्हणाला. त्याच्या गाडीत बसले. आमच्या मधे बंदूक.

फाटक उघडं होतं. आत गेलो, नळ बघितला, परत निघालो. गाई अलीकडे, सुक्या गवतात चरत होत्या. फाटकातून बाहेर येताच बेन्यातने गाडी थांबवली. उतरला. चालत मागे गेला, फाटक ओढलं, खांबाला खांदा लावून कडं बसवलं. नीट, सवयीने. गाडीत येऊन बसला.

मी म्हटलं, "बेन्यात, ते उघडं होतं."

"हो ना! कोण बावळट उघडं टाकतं कोण जाणे."

"गाई इकडे आहेत. पाणी तिकडे."

माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शहरातून आलेली कोणी. "पाणी ओढ्याला आहे. हे फाटक बाबा कधी उघडं ठेवत नाहीत, माहीत नाही तुला?"

बाबांच्या काळी खरंच लावलेलं असायचं. तेव्हा हौद नव्हता. ओढा होता. ओढा आटून तीस वर्षं झाली.

 गाडी वळली तेव्हा आरशात धूळ दिसली — क्लेटनची गाडी, कुंपणाच्या कोपऱ्याशी थांबलेली. आम्ही दूर गेलो तशी ती हलली. फाटकाशी थांबली. डोळ्याला पट्टी बांधलेला माणूस उतरला.

घरी गेल्यावर बेन्यातला कॉफी दिली आणि बंदूक माझ्या गाडीत ठेवली. त्याने विचारलंही नाही.

१७ जुलै, रविवार

मिस्सेनंतर क्लेटनकडे मी गेले. एकटी.

"केव्हापासून?"

"बर्फ होतं तेव्हापासून. तो लावून जातो, मी उघडतो." पट्टीखालून डोळा पुसला. "ऑपरेशन पुढे ढकलायला हवं होतं."

"गावासमोर सांगायचं होतंस! मला तरी!"

"त्याचे बूट, मायते. मी कोण टांगणारा?"

येताना सपाटीवरून आले. फाटक लागलेलं होतं. उघडलं, आणि तसंच ठेवलं.