मेहुण्याला काहीही न देण्याबाबत

मी, खाली सही करणारा, धुलाई कारखान्यातील माजी बॉयलर ऑपरेटर, वय एकोणसाठ, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, तसे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. मनाबद्दल त्यांनी काही लिहिले नाही. पण वाटणी करायला बुद्धी पुरते.

१. राहते घर, दोन खोल्या व गच्चीच्या हक्कासह, माझ्या बायकोला. तिच्या हयातीत ते कोणी विकू नये.

२. बँकेतील शिल्लक मुलीला. जावयाने त्यात सल्ले देऊ नयेत.

३. पान्यांचा संच जो मागेल त्याला. मेहुणा सोडून.

४. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला माझ्या मालमत्तेतून काहीही मिळू नये. साक्षीदाराला वारसा मिळत नाही असे वकिलांनी सांगताच मी पहिला साक्षीदार म्हणून त्यालाच बोलावले.

कारण नोंदवून ठेवतो. बॉयलर फुटला तेव्हा आम्ही दोघे एकाच पाळीत होतो. आमचा फोरमन जागच्या जागी गेला. पुढे आम्हा दोघांना डॉक्टर एकच, गोळ्या त्याच, समुपदेशक बाईही त्याच. वर्षभरात हा माणसात आला, कामावर गेला, पडल्या पडल्या घोरू लागला. मी आजही वाफेचा आवाज आला की भिंतीला पाठ लावतो. बायको कौतुकाने म्हणायची, बघा, आमचा बाळ कसा सावरला. माझा तिळपापड व्हायचा. त्याच्या पगाराचा मला कधी हेवा वाटला नाही, घोरण्याचा वाटतो.

बाई आम्हाला नव्या बॉयलरच्या खोलीत उभे करीत. भीती आपोआप उतरेपर्यंत थांबायचे, हाच उपचार. मी एकही खेप चुकवली नाही, पण उभा राहायचो दाराच्या कडीवर हात ठेवून. बाई म्हणाल्या, काही झाले नाही याचे श्रेय तुमचे मन कडीला देते, मग भीतीला काही कळायला वावच राहत नाही. मला पटले. हात मात्र निघाला नाही. शेवटी मेहुण्याला विचारले, तुला भीती नाही का रे वाटली?

"वाटली की, भाऊजी. पँट ओली झाली होती. पण तोवर मी पार आत गेलो होतो, दार लांब होतं."



५. प्रेशर कुकर. तो माळ्यावर आहे. माझ्यासाठी बायकोने घरातून शिट्टीच हद्दपार केली. सगळे उघड्या पातेल्यात शिजते, गॅस जास्त जातो, ती कधी चकार शब्द बोलली नाही. असे जपण्यानेही दुखण्याला खतपाणी मिळते, असे बाईंनी मला सांगितले होते. ते मी घरी बोललो नाही. मृत्युपत्र तिला वाचून दाखवताना वकिलांनी ही दोन वाक्ये गाळावीत.

कुकर मेहुण्याने खाली काढावा, नवे रबर बसवावे आणि तो पहिल्यांदा लागेल तेव्हा तिथेच थांबावे. शिट्टी झाली की बायको हातातले टाकून माझ्या खोलीकडे धावेल. तिला धरावे, आणि खोलीत आता कोणी नाही, हे सांगावे. हे काम त्याच्याशिवाय कोणाला जमणार नाही. याचाही मला हेवा वाटतो.

सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार (आमच्यासमोर सही झाली, मजकूर आम्ही वाचलेला नाही):
१. मेहुणा, बॉयलर ऑपरेटर
२. शेजारचे शिंपीकाका

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: ९ मार्च