पोवळ्यांचा रंग आणि तुमचा घास

प्रिय भाऊजी,

आज संध्याकाळपासून तुमचा घास बंद होणार आहे. हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहायला बसले. तुमचे दादा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. झोपलेले नाहीत, मला कळतं. लेक अमरावतीला तिच्या संसारात. मग या घरात मी बोलू तरी कोणाशी?

तुमच्या काचेच्या टाकीतली पोवळी तपकिरी पडली, भाऊजी. जांभळ्या टोकांचं ते फांद्याफांद्यांचं, तुमचं सगळ्यात लाडकं, ते आता उकळून टाकलेल्या चहापत्तीसारखं दिसतं. मेलेलं नाही. जिवंत आहे, पण रंग नाही.

आठवतं, टाकी आणली तेव्हा मी किती भांडले होते? "अकोल्यात नळाले रोज पाणी येत नाही, अन् हे घरात समुद्र करून राहिले!" तुम्ही हसत मिठाची गोणी फोडत होता. म्हणालात, "वयनी, तुमच्या अंगठीतलं पोवळं मेलेलं हाये. हे जितं पाहा." मग तो निळा दिवा लावलात. मी पदर सावरला, देवळात सावरते तसा. तुम्हाला ते दिसलं होतं का? कधी चिडवलं नाहीत म्हणून विचारते.

पण मासोळ्यांना घालायच्या त्या झिंग्यांच्या डब्यावरून किती वाद! माझ्या फ्रीजमध्ये, नैवेद्याच्या दुधाशेजारी, गोठवलेले झिंगे! मी त्या डब्याला कधी हात लावला नाही. एकादशीला तर तो उघडूही देत नसे. तुम्ही टाकीपुढे उभं राहून मोठ्यानं म्हणायचात, "मासोयाइनो, आज वयनीचा उपास हाये. तुमालेबी पुण्य लागते." तुमचे दादा पेपराआड हसायचे. ते हसणं मी किती दिवसांत ऐकलं नाही.

तुमच्या लग्नाचं कोणी काढलं की तुम्ही टाकीकडे बोट दाखवायचात. "एवढे पाहुणे सांभाळतो, अजून कोणाले आणू?" उन्हाळ्यात आम्हाला खडखडणारा कूलर आणि तुमच्या पाहुण्यांना पाणी गार करणारं वेगळं यंत्र! मी विजेचं बिल तुमच्यासमोर वाचून दाखवायची. तुम्ही म्हणायचात, "माह्या पगारातून घ्या, पण त्याइले घाम येऊ देऊ नका."

त्या दिवशी तुम्ही स्वतः चालत जाऊन ऑटोत बसलात. छातीत जरा दुखतं, एवढंच म्हणालात. वळून मला सांगितलंत, "टाकीचा लाइट बंद करा सांजीले." मी म्हटलं, "तुमीच या न करायले!" का नाही आलात?

तेरवी झाली, पाहुणे गेले. तुमचे दादा टाकीकडे पाठ करून बसायला लागले. एकदा म्हणाले, "इकून टाकू हे. पाहवत नाही." पण दुसऱ्या दिवशीपासून पाणी बदलायला शिकले. मीठ मोजून घालते, दिव्याची वेळ चुकवत नाही, काच पुसते. मॅट्रिक झालेल्या बाईला जमेल तेवढं सगळं केलं.

आणि घासाचं सांगायचं राहिलं. वर्षश्राद्ध होईपर्यंत गेलेल्या माणसाचा घास रोज काढायचा, ही आपल्या घरची रीत. मी गच्चीच्या कठड्यावर ठेवायची. कावळा येईस्तोवर शेजारची मांजर खाऊन जायची. मन खट्टू व्हायचं. मग एकदा वाटलं, तुम्ही गच्चीवर कशाला याल? तुम्ही आलात तर टाकीपाशीच येणार ना! पोळी खाऱ्या पाण्यात चालत नाही, एवढं कळत होतं. म्हणून मासोळ्यांचं सकाळचं झाल्यावर, तुमच्या संध्याकाळच्या जेवणाच्या वेळेला, मी तो झिंग्यांचा डबा उघडायला लागले. हो, मी! तुमचं नाव घ्यायची, चिमूटभर टाकायची, मग हात धुऊन तुळशीला नमस्कार करायची.

रंग उतरायला लागला तेव्हा वाटलं, तुमच्या आठवणीनं झुरत असतील. वेडीच मी! शेवटी तुम्ही ज्यांच्याकडून पोवळी आणायचात त्या अमरावतीच्या सलीमभाईंना फोन केला. बिचारे पहिल्या बसनं आले. टाकीच्या काचेला नाक लावून पाहिलं. मग नळीत पाणी घेऊन तपासलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"भाभी, नमक बराबर हाये, लाइट बराबर हाये. पर इतना खाना कोण टाकून राहिलं?"

त्यांनी समजावलं ते असं. पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, त्याच्या जिवावर ते जगतं. मासे खाऊन उरतं ते पाण्यात कुजतं आणि शेवाळाला खत होतं. खत वाढलं की शेवाळ माजतं, तपकिरी होतं आणि रंग झाकून टाकतं. माझं माहेर तेल्हाऱ्याचं. कपाशीला युरिया जास्त झाला की नुसता पाला माजतो, हे लहानपणापासून पाहिलेलं. तरी हे मला सुचू नये?

"रंग गेला नाही भाभी, अंदरच हाये," ते म्हणाले. "खाना कम करा. एकदम बंद नका करू, नाही तं पांढरे पडतीन. सबूर ठेवा."

मी ओशाळले. पण माझी ती चिमूटभर, तिनं एवढं होईल? आणि डबाही माझ्या अंदाजाच्या आधीच तळाला लागलेला. घरातली कुठली वस्तू कधी संपते हे मला न पाहता सांगता येतं, तुम्हाला माहीत आहे. मग कोण?

काल देवळातलं कीर्तन महाराजांचा घसा बसल्यामुळे लवकर आटोपलं. मी भरदुपारी घरी आले, तर तुमचे दादा टाकीपुढे उभे. हातात चमचा. चमचाभर झिंगे पाण्यात सोडून म्हणत होते, "खाय रे विलास. खाय. लाजू नको."

भाऊजी, मी चपला हातात घेऊन दारातच उभी राहिले. एकाच घरात आम्ही दोघं तुम्हाला चोरून जेवू घालत होतो!

मग सांगावंच लागलं. सलीमभाई काय म्हणाले तेही. तुमचे दादा माझ्यावरच उखडले.

"म्हंजे? माह्या भावाले उपाशी ठेवू का मी?"

"मीबी टाकत होती," मी म्हटलं.

"तू? तू त त्या डब्याले शिवत नव्हती."

"तुमीबी त टाकी इकणार होते!"

मग म्हणाले, "रंग गेला त गेला. घास बंद होणार नाही." रात्री ताटावरून तसेच उठले.

सांगा, मी काय करायचं? घास काढणं मी सासूबाईंकडून शिकले. गेलेल्या जिवाला उपाशी ठेवू नये, ही माझी श्रद्धा आहे. पण तुम्ही पोटच्या पोरांसारखे जपलेले ते जीव, त्यांना तुमच्याच नावानं गुदमरवून टाकू? तुम्ही असता तर माझ्या हातावर चापट मारून डबा काढून घेतला असता. देवापुढे बसून विचारलं. देव बोलला नाही. तुम्हीही नाही.

आज दुपारी तुमचे दादा स्वयंपाकघरात आले. फ्रीज उघडला, डबा काढला आणि माझ्यापुढे ओट्यावर ठेवला. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तूच टाकत जाय. माह्या हातानं कमी टाकनं होत नाही." आणि आत जाऊन पडले. तेव्हापासून तसेच आहेत.

म्हणून ठरवलं, भाऊजी. मासोळ्यांना मासोळ्यांपुरतं, सकाळी एकदा. तुमच्या नावाचं काही नाही. तुम्हाला भूक लागेल का? लागली तर मला कसं कळेल? वर्षश्राद्धाला पान वाढेन, तुमच्या आवडीची मुगाची उसळ करीन. तोवर काढा कळ.

रंग परत यायला फार दिवस लागतील म्हणतात. येईल की नाही, त्याचंही कोणी वचन देत नाही. मी एवढंच देते. रोज तुमच्या जेवणाच्या वेळी टाकीपुढे पाट टाकून बसेन. तुमच्या दादांना यावंसं वाटलं तर त्यांच्यासाठीही एक पाट मांडून ठेवीन. फक्त माझे हात रिकामे असतील. तेवढं समजून घ्या.

तुमची,
वहिनी