साहेबांनी खोडलेला शब्द

शहादे, १४ मार्च १९६१

जंगलातल्या वस्तीला धाडलेल्या नोटिशीचा मसुदा माझाच. मी लिहिलं होतं, 'हलवण्यात येईल'. साहेबांनी ते खोडून 'निष्कासित करण्यात येईल' असं केलं. म्हणाले, "हलवायचं म्हटलं की दुसरी जागा द्यावी लागते." मी मुकाट्याने स्वच्छ प्रत काढली. का नाही बोललो?

आज त्या वस्तीतली रुमलीबाई तीच नोटीस घेऊन तोरणमाळच्या बाजूने पायी कचेरीत आली.

"यामा काय लिखेल शे, भाऊ?"

साहेबांचा शब्द तिला कसा सांगणार? म्हटलं, "तुमले तठून काढतीन."

"मंग दुसरी जागा देतीन ना?"

"नही."

तिने नोटिशीची घडी घालून ती कमरेला खोचली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "कागदवर लिख. आम्हीन तं कोनलेच काढं नही."

तिच्याच शब्दांत अर्ज लिहिला, अंगठा घेतला, आत नेला. साहेबांनी न वाचताच परत केला. बाहेर आलो तर ती उभीच होती.

"पोचना का?"

मी 'पोचला' म्हणालो. अर्ज अजून माझ्या खिशात आहे.