शुक्रवारी गळणारी गाडी

आदरणीय दोलोत दाजी यांस,

कोचकोरहून तुमचा धाकटा मेव्हणा सागिन याचा दोन्ही हातांनी सलाम. माणसं-जनावरं सुखरूप आहेत ना? (बिश्केकमध्ये पाचव्या मजल्यावर तुमच्याकडे जनावर म्हणजे झुराताईचं मांजर तेवढं आहे, हे मला ठाऊक आहे. पण विचारलं नाही तर आई म्हणेल, जावयाला पत्र लिहायचीही अक्कल नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? इथे गवत बरं आलंय, शेजाऱ्याची घोडी व्यायली, माझा रक्तदाब वाढल्याचं निदान झालं आणि मी ते मान्य केलेलं नाही. फोन आईच्या खोलीत असल्यामुळे हे पत्र मिनीबसच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. तो दोन दिवस खिशात ठेवून मगच पोचवतो, हे लक्षात घ्यावं.

वडिलांच्या गाडीत डॅशबोर्डच्या मागून तेल गळतं, ते कुठून गळतं हे शोधून बंद कर, महिनाअखेरच्या रविवारी गिऱ्हाईक गाडी बघायला येतंय, असा तुमचा हुकूम तीन आठवड्यांपूर्वी आला. गाडी तुमच्या नावावर आहे, तेव्हा हुकूम रास्तच होता. (वडिलांनी ती मला न देता जावयाला का दिली, यावर मी आता विचार करत नाही. पस्तीस वर्षं जनावरांचा डॉक्टर असलेला मुलगा यंत्रालाही इंजेक्शन देईल अशी त्यांना भीती असावी.) तपासाचा अहवाल खाली देत आहे. तो जरा लांबला आहे, कारण तपासही लांबला.

पहिल्या दिवशी गाडी सुरू करून दहा मिनिटं उभी ठेवली. इंजिन तापलं, आणि क्लचच्या पायावर, म्हणजे माझ्या डाव्या बुटावर, एक काळा थेंब पडला. थेंब बुटावर पडला म्हणजे गळती बुटाच्या वर आहे, असं मी अनुमान काढलं. इथवर माझं काही चुकलं नव्हतं. पण डॅशबोर्डच्या मागे बघायचं तर डोकं पेडलपाशी, पाठ सीटवर आणि पाय मागच्या काचेकडे अशी बैठक घ्यावी लागते. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती घेता येते, सोडता येत नाही. मी वीस मिनिटं तसाच होतो. तेवढ्यात शाळेचे हेडमास्तर रस्त्याने गेले आणि त्यांनी माझ्या बुटांना सलाम केला. मीही पायांनीच परत केला.

मागे काय दिसलं म्हणाल, तर वायरी. वडिलांनी एकेक वायर वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या चिंधीने गुंडाळलेली. त्यातली एक झुराताईच्या शाळेच्या रिबिनीने. (तिला सांगा, रिबीन अजून लाल आहे.) सगळ्याच वायरी ओल्या, त्यामुळे कुठली गळते आणि कुठल्या वायरीवर गळतं ते कळेना. शेवटी तुर्सुनालीला बोलावलं. सामूहिक शेतीच्या काळात तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, आता शेती नाही आणि ट्रॅक्टरही नाही, त्यामुळे त्याला भरपूर वेळ असतो. त्याने आत एकदा डोकावलं, चहाचे तीन कप घेतले आणि सांगितलं की सगळं पुसून कोरडं कर आणि वर पीठ भुरभुर. तेल जिथून निघेल तिथे पिठात वाट पडेल. उपाय इतका साधा होता की मला जरा अपमान वाटला. मी आईच्या डब्यातून दोन वाट्या मैदा काढला आणि डॅशबोर्डच्या मागचं सगळं पांढरं केलं. थोडा मीही झालो.

तो गुरुवार होता. दाजी, शहरात तुम्ही शुक्रवारी तेलाचा वास काढता की नाही, मला कल्पना नाही. इथे आई एकही शुक्रवार चुकवत नाही. कढईत तेल कडकडीत तापवते, मैद्याचे बोर्सोक तळते, गेलेल्या माणसाला तो वास पोचतो, मग दुवा मागून आपण बोर्सोक खायचे. वडिलांना जाऊन वर्ष झालं, वर्षाचं जेवण तुम्हीच येऊन पार पाडलंत, पण शुक्रवार चालूच आहेत. त्या शुक्रवारीही वास काढून झाला. आणि शनिवारी सकाळी बघतो तो पिठात एकच नव्हे, चार वाटा! चारही वरून, थेट काचेच्या खालून आलेल्या. म्हणजे तेल इंजिनाकडून न येता आकाशातून येत होतं. मी तुर्सुनालीला परत बोलावलं. त्याने बोट लावलं, वास घेतला, जिभेला लावलं (ट्रॅक्टरवाल्यांची ही जुनी सवय आहे, तुम्ही करून बघू नका) आणि म्हणाला, "डॉक्टर, हे इंजिनाचं तेल नाही. हे सरकीचं आहे. आणि चांगलं आहे, कुठल्या दुकानातलं?"

दाजी, गाडी सरकीच्या तेलावर चालत नाही, हे मलाही कळतं. तरी मी आठवडाभर शोध घेतला. तुर्सुनालीचं म्हणणं पडलं की वडिलांनी कधीतरी टंचाईच्या दिवसांत इंजिनात खाण्याचं तेल ओतलं असेल आणि ते आता वर चढत असेल. मी त्यावर एक पूर्ण संध्याकाळ गंभीरपणे विचार केला. पुसलं, पीठ टाकलं, शुक्रवार आला, शनिवारी पुन्हा वाटा. आता पिठाचे गोळेही झाले होते. इंजिन आणखी थोडं तापलं असतं तर बोर्सोक आतच तळून निघाले असते.

तिसऱ्या शुक्रवारी मी गोठ्याच्या दाराआड उभा राहिलो. दुपारी आई घरातून बाहेर आली, हातात झाकलेली वाटी. गाडीचं दार उघडलं, ड्रायव्हरच्या शेजारच्या आपल्या नेहमीच्या जागेवर बसली, हात उचलून दुवा मागितली, आणि वाटीतलं गरम तेल काचेखालच्या, वारा येण्याच्या फटीत हळूच ओतलं. पळीभर. मग बसून राहिली. मी पुढे झालो.

"आई, हे काय करतेस?"

"दिसत नाही? वास काढतेय."

"अगं, पण घरात काढलास की!"

"घरातला वास गाडीत येतो होय रे? काचा बंद असतात. तू त्या दिवशी गाडी चालू केलीस तेव्हा आत तापल्या तेलाचा वास आला. हे स्वतः होऊन मागतायत, आणि मी स्वयंपाकघरात बसू?"

मी तिला समजावलं की तो वास इंजिनाच्या तेलाचा होता. तिने मला समजावलं की मी जनावरांचा डॉक्टर आहे.

तर सरकीचं प्रकरण मिटलं. मी फटीवर जाड पुठ्ठा चिकटवला, आतलं सगळं केरोसिनने धुतलं, आणि मग एका तासात खरी गळती सापडली. तेलाचा दाब दाखवणारं जे घड्याळ डॅशबोर्डच्या मधोमध आहे, त्याला इंजिनाकडून एक बारीक तांब्याची नळी येते. तिच्यातून खरोखरीचं तेल घड्याळापर्यंत येतं. घड्याळाच्या पाठीशी नळीचा नट आहे आणि त्यातला वॉशर वडिलांच्या वयाचा झालेला. तिथून तेल निघायचं, नळीवरून सरकायचं, रिबिनीवरून वळायचं आणि फूटभर लांब जाऊन माझ्या बुटावर पडायचं. मी घोडीच्या जुन्या लगामाच्या चामड्याचा वॉशर कापला, बसवला, नट आवळला. नट इतक्या हाताशी आहे की शेजारच्या सीटवर बसूनही आवळता येतो. त्यानंतर चार दिवस थेंब नाही. इति अहवाल.

झुराताईला नमस्कार, मांजराला आशीर्वाद, तुमच्या गुडघ्याला मेंढीच्या शेपटाची चरबी लावून बघा.

तुमचा आज्ञाधारक,
सागिन

ता. क. एक सांगायचं राहिलं. तुमचं गिऱ्हाईक रविवारऐवजी बुधवारीच आलं. सज्जन माणूस, पांढरे मोजे. गाडी सुरू केली, काटा वर चढला, आणि डाव्या मोज्यावर एक थेंब पडला. मग दुसरा. मग धारच लागली. त्याने चहा घेतला, बोर्सोक खाल्ले, गाडीची तारीफ केली आणि निघून गेला. तो तुम्हाला फोन करेलच, पण त्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

ता. क. २. दाजी, खरं लिहितो. तो फाटकाशी उतरला तेव्हा मी पाना घेऊन आत गेलो आणि नट अर्धा आटा सैल केला. हात माझाच. वर्षभर आई फाटकापर्यंतसुद्धा आली नव्हती, तुम्ही पाहिलंत. या तीन आठवड्यांत ती रोज दुपारी गाडीत जाऊन बसते, शुक्रवार असो नसो. गाडी गेली तर ती कुठे जाऊन बसेल या विचाराने मला त्या दिवशी पान्यासकट रडू आलं. तेव्हा पत्राचं मुख्य कारण असं, की गाडी विकू नका. ताईला सांगा, सागिनला गळती सापडत नाही. तिचा चटकन विश्वास बसेल. आणि आईला यातलं काही कळू देऊ नका. तिला वाटतं तसंच वाटू दे.

ता. क. ३. (हे सागिनची बायको बुरुलकान लिहीत आहे. सासूबाई सांगतायत तसंच.) जावईबापू, पाकीट बंद व्हायच्या आत मी हे पत्र सुनेकडून वाचून घेतलं. माझ्या मुलाला वाटतं मला काही कळत नाही. अडतीस वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी त्या गाडीत बसले, त्याचे शर्ट धुतले. इंजिनाचं तेल कुठलं आणि कढईतलं कुठलं, मला नाही कळणार? वास त्यांचाच होता, तो नळीतूनच येत होता, आणि हा दुरुस्त करायला निघाला होता. म्हणून मी तेल ओतत राहिले, याला शोधायला वेळ लागावा म्हणून. हा हळू आहे, पण शोधून काढतो. बुधवारी याने नट सैल केला ते मी खिडकीतून बघितलं. अर्ध्या आट्याने काय होतंय? पाहुणा आल्या आल्या हात धूत होता तेवढ्यात मी जाऊन आणखी दीड आटा सोडला. गाडी तुमच्या नावावर आहे, मी नाही म्हणत नाही. विकायचीच असेल तर खुशाल गिऱ्हाईक घेऊन या, फक्त दुपारी या, मी आत बसलेली असताना.