धोंडुबाई काकूच्या घेवड्याच्या काठ्या

मी सोनम प्रसेनजीत घस्ते, वय सत्तावीस, शिक्षण सातवी. डोकं ठिकाणावर हाय, कुणी दमदाटी केल्याली न्हाय. सोमवारी कोल्हापुरात गळ्याची गाठ काढणार हायत. डॉक्टर म्हणत्यात बारकं ऑपरेशन हाय. पर भूल दिल्यावर माणूस कुठं जातंय ते कुणी सांगत न्हाय. भ्या वाटतंय म्हणून माज्या माघारी कुणाला काय द्यायचं ते लिवते.

१. वड्याकडंचं दहा गुंठं बाबांनी माज्या नावावर केलंय. ते माजी पोरगी अनुजा, वय सहा, हिला. ती मोठी हुईस्तवर तिच्या पप्पांनी बगायचं. इकायचं न्हाय.

२. शिलाई मशीन माजी बहीण रूपालीला. पट्टा नवा हाय. दोन्ही शेळ्या सासूबाईस्नी.

३. त्या वड्याकडच्या रानात गॅस करायचं हत्तीगवत हाय. चार वर्सामागं कंपनीवाल्यांनी कांड्या दिल्या, कापून न्यायचे. मग त्यांची गाडी यायची बंद झाली, गवत काय थांबलं न्हाय. "गवत हाय ते, पळून जातंय व्हय?" आमचे हे म्हणालते. पळालं की. वड्यापल्याड धोंडुबाई काकूचा घेवडा गिळला. काकू म्हणते, तिच्या दिरानं, बाळासोनं, मुद्दाम लावलं. वरीस झालं दोघं बोलत न्हाईत.

४. खरं असं हाय. घेवड्याच्या येलाला आधार म्हणून त्या गवताच्या काठ्या मीच काकूला दिल्या. वाळल्यात म्हणजे मेल्यात असं वाटलं. मागनं मोरीवर तीन कांड्या ठेवून बगितल्या. पाण्यातली चौथ्या दिवशी फुटली. दगडाखालची वाकडी हून उजेडाला आली. उन्हातली खडखडीत वाळली, तरी वल्या पोत्यात ठेवल्यावर पेरातनं हिरवा डोळा आला. भ्या बी वाटायचं आणि सकाळी उठून पयलं तेच बगावं वाटायचं. किती दिवस वाळवली म्हणजे मरती, ते आजून कळलं न्हाय. समदं वहीत लिवलंय. वही अनुजाला.

५. (खोडलं.) माज्या माघारी अनुजानं आणि तिच्या पप्पांनी काकूच्या रानातलं गवत मुळासकट खणून जाळावं.

साक्षीला काकूला बोलवलं. तिला वाचता येत न्हाय, म्हणून मोठ्यानं वाचलं. चौथं तिनं परत एकदा वाचाय लावलं. मग म्हणाली, "एवढं सांगायला मरायला निघालीस व्हय गं?" पाचवं तिनंच खोडाय लावलं. म्हणाली, "पोरीवर ढकलू नगंस. तू येऊन काढायचंस. तवर माज्या रानाला कुणी कुदळ लावायची न्हाय."

सही: सोनम प्रसेनजीत घस्ते

साक्षीदार: धोंडुबाई पिराजी रेडेकर, डावा अंगठा.

साक्षीदार: बाळासो रेडेकर, सही. काकूनं सोता बांधावर जाऊन हाक मारून आणला.

तालुका गडहिंग्लज, जिल्हा कोल्हापूर. शनिवार, ७ फेब्रुवारी २०२६.