वांग्याचा बैल

टूवूंबा, क्वीन्सलँड
१० ऑगस्ट १९९१

ती. सावाकोताईस,
मिचिरूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि सुकवलेलं शैवाल पोचलं. ग्लेननं पाकीट उघडून विचारलं, की तुझी बहीण आपल्याला दरवेळी गवत का पाठवते. या माणसाच्या जिभेला बारा वर्षांत चव काही आली नाही.

आज शनिवारच्या जपानी शाळेत पितरांचा सण केला. तुम्ही तिकडे घाम पुसत पितरांना बोलावता, आम्ही इथे कुडकुडत. गवतावर दव गोठलेलं आणि झाडून सगळ्या आयांच्या सुती किमोनोखाली लोकरीचे मोजे. हातानोबाई दारात उभ्या राहून करवादत होत्या, की पंचांग जपानचं आणि थंडी ऑस्ट्रेलियाची, माणसानं करावं तरी काय!

भाजी आणायची पाळी माझी होती. काकड्या मिळाल्या, वांगी कुठेच नव्हती. म्हणून मुलांनी चार काड्यांचे पाय टोचून पितरांना यायला काकडीचे घोडे केले. परत जायला वांग्याचे बैल करतात ते यंदा राहिले. कुणाचं काही अडलं नाही.

माझा इत्सुकी गेल्यानंतरचं हे पहिलंच वर्ष. नागिसाचा घोडा मी घरी आणला आणि मागच्या पायरीवर, तळ्याकडे तोंड करून ठेवला. ज्या पाण्यानं माझं पोर गिळलं त्याकडे मी नोव्हेंबरपासून पाहिलं नव्हतं. आज पाहिलं.

नागिसा मात्र शाळेत सगळ्यांच्या पुढे आहे. इत्सुकी शनिवार उजाडला की पलंगाखाली दडायचा, मला तुमची भाषा नको म्हणायचा. ही सात वर्षांची पोर न सांगता धडे पाठ करते. बाबांच्या तसबिरीला माझा नमस्कार सांग. माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझी,
मिचिरू

---

तोत्तोरी
२१ ऑगस्ट

चि. मिचिरूस,
सावाकोचे अ. उ. आ.

पत्र वाचून डोक्याला हात लावला. वांगं नव्हतं तर बटाटा घ्यायचास! काड्या कशालाही टोचता येतात. घोडा घाईनं घेऊन येतो, बैल सावकाश पोचवून देतो, हे आईनं आपल्याला किती वेळा सांगितलं असेल? पोराला बोलावलंस आणि परतीची सोयच केली नाहीस. असा वेंधळेपणा तूच करू जाणे.

हस खुशाल. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हे, पण तुझं पत्र आल्यापासून मी रात्री दिवा मालवत नाही. आम्ही इथे सोळा तारखेला, सणाच्या शेवटच्या दिवशी, दारात विस्तव पेटवून बाबांना निरोप दिला. तुझ्या दारातून निरोप कुणाला मिळाला?

उशीर झाला तरी चालेल. बैल कर, नागिसाच्या हातानं कर, आणि त्याला नीट जा म्हणून सांग. ग्लेन हसला तर हसू दे. उलट टपाली कळव. तुम्हा तिघांना माझं सगळं आयुष्य लाभो.

तुझी,
ताई

---

टूवूंबा
२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

किती घाबरतेस गं! आमच्याकडे उलट सगळं ठीक आहे. दहा महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागते. काल इथल्या रिवाजाप्रमाणे वडिलांचा दिवस होता. मी चार ताटं मांडली. ग्लेन आपलं ताट घेऊन बाहेर गेला. जाऊ दे.

नागिसा म्हणते दादा आलाय. मी तिला गप्प करत नाही. शाळेतून आली की ती तळ्यापाशी जाते आणि बोलत बसते. गंमत म्हणजे त्याच्याशी इंग्रजीत नाही, जपानीतच! एकेक शब्द सुटा करून, थेट हातानोबाईंसारखी. मी विचारलं तर म्हणाली, शिकवतेय, पण त्याच्या काही डोक्यात शिरत नाही. मला इतकं हसू आलं. मग पाहिलं तर तिचा झगा कमरेपर्यंत भिजलेला. मी पुसून घेतलं. हल्ली जरा सर्दी आहे तिला, आणि हातपाय सारखे गार असतात.

वांगी आली आहेत बाजारात. काळीभोर, चकचकीत. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि पिशवी तशीच घेऊन परत आले. ताई, तूच सांग, माझ्या पोराला मी पुन्हा का म्हणून पाठवू? तुला मुलं असती तर तू पाठवलं असतंस? रागावू नकोस. पण आता मला याबद्दल लिहू नकोस.

तुझी,
मिचिरू

---

तोत्तोरी
१२ सप्टेंबर

चि. मिचिरूस,
अ. उ. आ.

मला मूल नाही हे तू मला लिहावंस! बरं, लिहिलंस. ते मी गिळलं. आता माझं ऐक.

काल तुझ्याकडे फोन लावला. ग्लेननं उचलला. मला त्याची भाषा येत नाही, त्याला माझी. मी नुसती नागिसा, तळं, नागिसा असं ओरडत राहिले. त्यानं फार हळू काहीतरी सांगितलं आणि तोही रडायला लागला. एवढं कळलं की तो घाबरलाय.

पोरीला पाण्याकडे जाऊ देऊ नकोस. कुंपण घाल, दाराला कडी लाव, शाळा बुडाली तर बुडू दे. सोबत जांभळ्या कापडाचा बैल शिवून पाठवते आहे. तो पायरीवर ठेव आणि इत्सुकीला जा म्हण. तुझ्या तोंडून निघाल्याशिवाय तो जायचा नाही. मिचिरू, एक पोर गेलं. एक आहे. मी पासपोर्ट काढायला टाकलाय, तोवर तिचा हात सोडू नकोस. हात जोडते.

ताई

---

टूवूंबा
२१ सप्टेंबर, शनिवार

ती. सावाकोमावशीस,
नागिसाचा शि. सा. न. वि. वि.

शरद ऋतू सुरू झाला आहे. आपली तब्येत कशी आहे? (इथे खरं तर वसंत आहे, पण हातानोबाई म्हणाल्या, सप्टेंबरच्या पत्रात असंच लिहायचं.) आज शाळेत आम्ही चंद्राला दाखवायला तांदळाचे लाडू केले. माझं पत्र सगळ्यात छान झालं म्हणून बाईंनी लाल फूल काढलं. इथपर्यंत शाळेत लिहिलं. पुढचं मी घरी लिहिते आहे.

तू पाठवलेला बैल आला. आईनं तो शेगडीत टाकला. मग मला जवळ घेऊन म्हणाली, कुणी कुठे जायचं नाही. ती आता झोपली आहे. बाबा कुंपणाची तार आणायला गावात गेलेत.

पण मावशी, दादाला जायचं आहे. त्याला खूप थंडी वाजते. तो म्हणतो तिकडे आजोबा आहेत, पणजी आहे, सगळे त्याच्याशी बोलतात आणि त्याला एक शब्दसुद्धा कळत नाही. तो एकटाच कोपऱ्यात बसतो. मी खूप शिकवलं, पण तो पहिल्यासारखाच ढ आहे. मला आता सगळं जपानी येतं. म्हणून मी त्याच्याबरोबर जाते आहे, आजोबा काय म्हणतात ते त्याला सांगायला.

वाट पाण्यातूनच आहे. बूट मी काठावर काढून ठेवीन, कारण आजोबांच्या घरात बूट घालून जायचं नसतं ना? तू देव्हाऱ्यापाशी त्यांना सांगून ठेव, म्हणजे ते आम्हाला घ्यायला येतील.

आम्हा दोघांवर लोभ असू द्या.

आपली आज्ञाधारक,
नागिसा